आहात ना?

कॉल सेंटरमध्ये हेडसेट पहिल्यांदा डोक्याला लावला, त्या दिवशी मला बोलायची भीती वाटली नव्हती. काय बोलायचं ते पाठ होतं, शिवाय समोरच्या पार्टिशनवर कागद चिकटवलेला होताच. गडबड झाली ती बोलणं थांबल्यावर. तिसरा की चौथा कॉल असेल. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आपला ग्राहक क्रमांक दोन-दोन आकडे करत सांगितला, प्रत्येक जोडीनंतर माझ्या "हं"ची वाट बघत. मी तो टाकला, एंटर दाबलं आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. मी त्या चक्राकडे बघत बसले. कानात काहीच नाही. मग त्यांचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक.

"ताई, आहात ना?"

"हो सर, आहे, आहे. बघतेय."

संध्याकाळी क्वालिटीवाल्यांनी तो कॉल मला पुन्हा ऐकवला. शीटवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: डेड एअर, १९ सेकंद. मेलेली हवा. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि तो मनात रुतून बसला, कारण त्या १९ सेकंदांत मी सगळ्यात जास्त काम करत होते. त्यांची माहिती शोधत होते, ती सापडेल का याची काळजी करत होते. पण त्यांच्या कानापर्यंत यातलं काहीच पोचत नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर एक ताई बसायची. फ्लोअरवर सहा वर्षं काढलेली. तिने लाल शेरा बघितला आणि म्हणाली, "अगं, कीबोर्ड जरा जोरात वाजव. त्यांना ऐकू जाऊ दे." दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे लक्ष ठेवलं. कॉलर बोलत असताना ती त्याचं म्हणणं नोटपॅडमध्ये जवळजवळ शब्दशः उतरवायची आणि माईक तोंडापासून किंचित खाली, कीबोर्डच्या बाजूला वळवलेला असायचा. स्क्रीन अडकली की ती म्हणायची, "लिहून घेतलंय हं मी सगळं, आता उघडतेय." मग खटखट चालूच. तिच्या कॉलवर "आहात ना?" हा प्रश्न मी कधी ऐकला नाही.

पुढे मी फ्लोअर सोडून टेलिफोनीच्या बाजूला गेले. जिथे कॉल घेत नाहीत, तो कुठून कुठे जाणार ते ठरवतात. तिथे शब्दांचा नवा ढीग समोर आला: ट्रंक, गेटवे, कोडेक, जिटर, साइडटोन, रिंगबॅक, कम्फर्ट नॉइज. पहिलं वर्षभर मी ते नुसते पाठ करत होते. नंतर एकेक शब्द उलगडत गेला तसं लक्षात आलं, की यातले निम्मे शब्द त्या गृहस्थांच्या प्रश्नासाठीच जन्माला आले आहेत. आवाज पोचवणं हा टेलिफोनचा अर्धाच उद्योग आहे. आवाज नसताना 'मी आहे' हे पोचवणं हा उरलेला अर्धा, आणि तोच जास्त अवघड.

आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. आपण फोन 'लावतो', पण तो 'लागतो' किंवा 'लागत नाही'. डोळा लागतो, तहान लागते, ठेच लागते, तसाच फोन लागतो. लावणं आपल्या हातात, लागणं नाही. या दोन क्रियापदांमधला जो वेळ आहे, त्या वेळात माणसाला धीर देण्यासाठी यंत्रांना किती कष्ट घ्यावे लागले ते बघा.

सुरुवातीला एक्स्चेंजमध्ये माणूसच बसलेला असायचा. रिसीव्हर उचलला की ऑपरेटर विचारायची, कोणता नंबर हवा. अमेरिकेतल्या न्यू हेवनला १८७८ च्या जानेवारीत पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमा नट बॉस्टनमध्ये पहिली महिला ऑपरेटर म्हणून रुजू झाली. मग अल्मन स्ट्राउजर नावाच्या, अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने आपोआप जोडणी करणारा स्विच काढला. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं, पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्टला त्यावर चालणारं एक्स्चेंज उभं राहिलं. ऑपरेटर गेली आणि एक पोकळी तयार झाली. रिसीव्हर उचलला तर आता पलीकडे कोण? यंत्र तयार आहे का? उत्तरादाखल आला डायल टोन. ती सलग घूं म्हणजे एक्स्चेंजचं "हं, बोला" आहे. मोबाईलवर तो गेला, कारण तिथे आपण आधी नंबर टाकतो आणि मग पाठवतो. विचारायची वेळच येत नाही. लँडलाईनवर वाढलेल्या माणसाला मात्र त्याची उणीव जाणवते, मला जाणवते.

रिंगबॅकची गोष्ट कळली तेव्हा तर मी चकितच झाले होते. आपण फोन लावतो आणि कानात ट्रिंग-ट्रिंग ऐकू येतं, ती पलीकडची घंटा आहे असं मी तिशीपर्यंत समजत होते. ती घंटा नसते. तो वेगळा टोन आहे, एक्स्चेंज आपल्यासाठी वाजवतं. आता आयपी टेलिफोनीत, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे (पॅकेट) करून ते इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून पाठवतात तिथे, तर बऱ्याचदा पलीकडून फक्त '१८० रिंगिंग' एवढा छोटा संदेश येतो आणि तो आवाज आपलाच फोन आपल्या कानात तयार करतो. म्हणजे कुणाच्या तरी घरात फोन वाजतोय ही भावना आपल्याला कुणीतरी समजून-उमजून दिलेली आहे. ती दिली नसती, तर आपण दोन सेकंदांत फोन ठेवून दिला असता.

आणि साइडटोन. रिसीव्हरमध्ये आपण बोलतो तेव्हा आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत सोडलेला असतो. जास्त सोडला तर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, अजिबात नसला तर ओरडायला लागतो किंवा फोन डेड झाला असं समजतो. नवे हेडसेट आले की मी आजही सगळ्यात आधी साइडटोन तपासते. दिवसभर बोलणाऱ्या माणसाचा घसा त्यावर अवलंबून असतो. खरेदीच्या यादीत त्याचा कॉलम नसतो ही गोष्ट मला खटकते.

पण या सगळ्यांत माझा जीव जडला तो कम्फर्ट नॉइजवर. त्याची ओळख अशी झाली.

मी ज्या कंपनीत टेलिफोनी बघत होते, तिथे जुन्या लाईन काढून सगळं आयपीवर नेलं. दुसऱ्या आठवड्यात फ्लोअरवरून तक्रारी सुरू झाल्या: कॉल मध्येच कट होतायत. मी लॉग उघडले. एकही कॉल नेटवर्कने तोडलेला नव्हता. प्रत्येकापुढे कॉज कोड १६, नॉर्मल कॉल क्लिअरिंग. त्याचा साधा अर्थ असा, की कुणीतरी आपल्या हाताने फोन ठेवला. आणि ठेवणारा प्रत्येक वेळी कॉलर. रेकॉर्डिंग ऐकली, ती स्वच्छ होती. एजंट म्हणतोय, "एक मिनिट, बघून सांगतो," मग काही सेकंद शांत, मग टूं. तीन दिवस मी राउटर बघितले, बँडविड्थ बघितली. व्हेंडरची माणसं येऊन गेली, त्यांनीही तेच बघितलं.

चौथ्या दिवशी मी मोबाईल घेऊन जिन्यात जाऊन बसले आणि स्वतःच कॉल लावला. सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं, की नेहमीप्रमाणे माहिती शोध, मुद्दाम काही करू नकोस. तो म्हणाला, "बघतो हं," आणि गप्प झाला. त्या क्षणी माझ्या कानात जे झालं ते शांत होणं नव्हतं. कुणीतरी कान बंद केल्यासारखं झालं. मागची गुणगुण, एसीची घरघर, त्याचा श्वास, सगळं एका फटक्यात गेलं. मला सगळं ठाऊक असूनही मी मोबाईल कानापासून काढून स्क्रीनकडे बघितलं, कॉल चालू आहे का म्हणून. कॉलर नेमकं हेच करत होते. बघत होते, आणि ठेवून देत होते.

कारण एका सेटिंगमध्ये होतं. टेलिफोनवरचा आवाज साधारणपणे सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो, प्रत्येक मोजणीला आठ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. बोलणं चालू नसतानाही तेवढेच. पण संभाषणात एक माणूस निम्म्याहून जास्त वेळ ऐकतच असतो. मग त्या वेळचे बिट कशाला वाया घालवायचे? हा विचार जुना आहे. अटलांटिक महासागराखालून टाकलेली पहिली टेलिफोन केबल १९५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात जेमतेम ३६ संभाषणं मावायची. १९६० मध्ये तिच्यावर टासी नावाची यंत्रणा बसवली. एक माणूस बोलायचा थांबला की ती त्या फटीत दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं सरकवायची. केबल तीच, पण क्षमता जवळपास दुप्पट झाली. महासागराच्या तळाशी लोकांच्या श्वास घ्यायच्या जागा भाड्याने दिल्यासारखं झालं ते. आयपी टेलिफोनीत त्याच युक्तीला सायलेन्स सप्रेशन म्हणतात: बोलणं नसेल तर पॅकेट पाठवूच नका.

आमच्या नव्या गेटवेवर, म्हणजे बाहेरच्या लाईन आणि आमचं नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रावर, ते चालू होतं. त्याच्या जोडीला जे चालू असायला हवं ते नव्हतं. कम्फर्ट नॉइज म्हणजे ऐकणाऱ्याच्या बाजूला मुद्दाम तयार केलेली बारीकशी खरखर, पलीकडच्या खोलीतल्या शांततेसारखी. 'सारखी' हा शब्द महत्त्वाचा. कारण चांगल्या यंत्रणेत पाठवणारं यंत्र गप्प बसण्याआधी आणि नंतरही ठरावीक अंतराने एक छोटीशी फ्रेम पाठवतं, तिला सायलेन्स डिस्क्रिप्टर म्हणतात. शांततेचं वर्णन. माझ्या बाजूची पार्श्वभूमी साधारण एवढी मोठी आहे, अशा पोताची आहे, बाकीचं तू तिकडे भरून घे. मोबाईलवरसुद्धा हेच चालतं, त्याने बॅटरी वाचते. आपण सगळे रोज, न कळत, आपल्या गप्प बसण्याचं वर्णन एकमेकांना पाठवत असतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान बंद करून थोडा वेळ नुसती बसले होते.

गेटवेवर कम्फर्ट नॉइज चालू केला, आणि तक्रारी थांबल्या. मला आठवली ती ताई आणि तिचा खाली वळवलेला माईक. तिने कुठलंही स्पेसिफिकेशन वाचलं नव्हतं. पण तिची खटखट हेच करत होती. ती खरंच काम करत होती आणि त्या कामाची खूण कॉलरकडे जाऊ देत होती.

होल्ड आणि म्यूट यांत लोक फार गल्लत करतात, म्हणून थोडं सांगते. होल्डवर टाकलं की दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही आणि कॉलरला संगीत लागतं. म्यूटवर एजंटचा आवाज बंद होतो, पण कॉलरचा येतच राहतो. कॉलरला वाटतं आपण एकटे आहोत, आणि आपण तर त्याच्या घरात बसलेले असतो. मला हे कधीच बरोबर वाटलं नाही. नव्या मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा मी सांगायचे: खोकला आला तर म्यूट, शोधायचं असेल तर होल्ड, आणि होल्ड करण्याआधी विचारायचं.

होल्डवरचं संगीत तर योगायोगानेच सापडलं. आल्फ्रेड लेव्ही नावाच्या अमेरिकन कारखानदाराच्या इमारतीत एक सुटलेली तार लोखंडी तुळईला टेकत होती आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं प्रसारण त्याच्या टेलिफोन लाईनमध्ये झिरपत होतं. ताटकळणाऱ्यांना गाणी ऐकू येऊ लागली. त्याने तार दुरुस्त करून विषय संपवला नाही, १९६६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्या संगीताला लोक कंटाळतात हे खरं आहे. पण ते एकदा बंद करून बघावं. कंटाळलेला माणूस लाईनवर राहतो, घाबरलेला राहत नाही.

आता ताटकळण्याबद्दल. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण या एका बाबतीत मी दर नोकरीत कुणाशी ना कुणाशी वाद घातला आहे.

कोपनहेगन टेलिफोन कंपनीत १९०८ साली आग्नर क्रारुप अर्लांग नावाचा डॅनिश गणितज्ञ रुजू झाला. त्याच्याकडे सुरुवातीला मदतनीसही नव्हते. केबलमधले भरकटलेले विद्युतप्रवाह मोजायला तो शिडी घेतलेल्या एका कामगारासोबत शहराच्या रस्त्यांवर फिरायचा आणि मॅनहोलमध्ये उतरायचा. पुढच्याच वर्षी त्याने टेलिफोन संभाषणं आणि संभाव्यता यांवर निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये ती सूत्रं मांडली, जी आजही प्रत्येक कॉल सेंटरच्या तळाशी आहेत. तो १९२९ मध्ये गेला. १९४६ मध्ये टेलिफोनवरच्या गर्दीच्या एककाला त्याचं नाव मिळालं. एक लाईन तासभर सलग व्यग्र राहिली तर त्या तासाला एक अर्लांग.

समजा, अर्ध्या तासात १०० कॉल येतात आणि प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटं लागतात. काम झालं ३०० मिनिटांचं, तेही ३० मिनिटांत. म्हणजे १० अर्लांग. सरळ भागाकार करणारा माणूस म्हणेल, १० जणं बसवा. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत. दोन मिनिटं कुणी नाही आणि मग एकदम सात. रिकामी गेलेली दोन मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत, नंतरच्या गर्दीला ती कामाला येत नाहीत. त्यामुळे १० जणांवर रांग वाढतच जाते. ११ जणं बसवली, तर अर्लांगच्या सूत्राने सरासरी थांबणं येतं सुमारे २ मिनिटं. १२ वर ते येतं ४० सेकंदांवर. १३ वर १७ सेकंद. आणि या तेराव्या माणसाच्या आसपासच ते प्रसिद्ध माप जमतं: शंभरातले ऐंशी कॉल २० सेकंदांच्या आत उचललेले.

मी हा हिशेब पहिल्यांदा हाताने केला तेव्हा खात्री पटेना म्हणून पुन्हा केला. एका माणसाने दोन मिनिटांचे चाळीस सेकंद होतात! त्या बाराव्या माणसाने कुठलाही पराक्रम केलेला नसतो, तो फक्त खुर्चीवर असतो.

पण तेराच्या हिशेबात आणखी एक आकडा निघतो. ते तेरा जण अर्ध्या तासातली प्रत्येकी सात-एक मिनिटं मोकळे असतात. हेडसेट लावून, हात कीबोर्डवर ठेवून, स्क्रीनवर हिरवं 'अवेल' (अवेलेबल, म्हणजे कॉलसाठी तयार) घेऊन. आणि फ्लोअरवरून जाणाऱ्या वरिष्ठाच्या डोळ्यांत नेमकी तीच सात मिनिटं खुपतात. "ती दोघं नुसती बसलीयत, त्यांना ईमेलला लावा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे. दोघं ईमेलला जातात, तेराचे अकरा होतात आणि अर्ध्या तासाने तोच माणूस विचारतो, क्यू, म्हणजे रांग, एवढा का चढला? अकरांवर भार जवळपास ९१ टक्के. एक कॉल ठेवला की श्वास घ्यायच्या आत दुसऱ्याची बीप. मग आवाज कोरडे होतात, माहिती चुकते, तोच कॉलर पुन्हा फोन करतो आणि शंभराचे एकशेवीस होतात. ऑक्युपन्सी, म्हणजे एजंट कामात गुंतलेला असण्याची टक्केवारी, शंभराच्या जवळ नेणं म्हणजे चांगलं काम, हा समज कुणी कागदावर मांडून खोडावा असं मला फार वाटतं. म्हणून मी प्रत्येक नव्या वरिष्ठासमोर हीच १०० कॉलची बेरीज करून दाखवते. ती मोकळी माणसं रिकामी बसलेली नाहीत, ती तुमच्या पुढच्या कॉलरची पावणेदोन मिनिटं हातात धरून बसली आहेत.

अर्लांगच्या त्या सूत्रात एक गृहीतक आहे: रांगेतला कुणीही फोन ठेवत नाही. माणसाचा धीर अमर्याद आहे. पुढे स्वीडनच्या कॉनी पाम यांनी धीर संपणाऱ्यांनाही गणितात घेतलं. रिपोर्टमध्ये त्यांना 'अबॅन्डन्ड' म्हणतात, सोडून दिलेले कॉल. मला तो शब्द नेहमी उलटा वाटतो. सोडलं कुणी कुणाला? वाट बघून बघून थकला तो कॉलर, आणि सोडल्याचा शिक्का त्याच्याच कॉलवर.

डायलरबद्दल, म्हणजे एजंटसाठी आपणहून लोकांना फोन लावणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण लिहिताना त्रास होतो. प्रेडिक्टिव्ह डायलर अर्लांगचंच गणित उलट फिरवतो: एजंट मोकळा राहू नये म्हणून लोकांना थांबवायचं. दहा एजंट मोकळे होणार असा अंदाज आला की तो पंधरा-वीस नंबर लावतो, कारण बरेच उचलणार नाहीत. अंदाज चुकला आणि जास्त लोकांनी उचललं, तर उरलेल्यांसाठी पलीकडे कुणीच नसतं. त्यातून यंत्र आधी 'हॅलो' ऐकून माणूस आहे की रेकॉर्डेड संदेश ते ओळखू पाहतं. छोटं हॅलो आणि मग शांतता म्हणजे माणूस. म्हणून असे फोन आले की आपल्याला दोनदा हॅलो म्हणावं लागतं. अमेरिकेत टेलिमार्केटिंगसाठी नियम आहे: उचलणाऱ्याचं हॅलो संपल्यावर दोन सेकंदांत माणूस जोडला गेला नाही तर तो कॉल अबॅन्डन्ड धरायचा, आणि असे कॉल ३ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. मी दोन वर्षं डायलर चालवला. त्याच काळात आई एकदा म्हणाली, "दुपारी फोन येतो गं, कोणीच बोलत नाही. तीन दिवस झाले. कोण पाळत ठेवतंय का?" ती दाराला आतून कडी घालून बसली होती. मी तिला समजावलं, की यंत्र असतं ते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पेसिंग, म्हणजे डायलरचा नंबर लावायचा वेग, खाली आणलं. मला विचारलं गेलं, की एजंट रिकामे का बसतायत. मी खरं कारण सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आणखी एक शब्द राहिला, रॅप-अप. कॉल संपल्यावर नोंद करायला मिळणारा वेळ. आमच्याकडे तो ३० सेकंद होता, नंतर आपोआप पुढचा कॉल. एकदा एका बाईंनी नवऱ्याच्या नावावरचं कनेक्शन बंद करायला फोन केला. कारण विचारणं भाग होतं. त्या म्हणाल्या, "ते नाहीत आता," आणि पुढे नंबर, पत्ता, सगळं व्यवस्थित सांगितलं. शेवटी नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "ठेवू का मग?" मी म्हटलं, "ठेवा, ताई." त्यांनी ठेवला नाही. आमच्यात एजंटने आधी कॉल सोडायचा नाही असा नियम होता, मी तो त्या दिवशी नियम म्हणून पाळला नाही. आम्ही दोघी बोललो नाही. लाईनवर खरखर होती, बहुधा पंख्याची. मग त्यांनी ठेवला. नोंदीच्या यादीत 'इतर' निवडून होईपर्यंत ३० सेकंद संपले होते.

अलीकडे माझं काम व्हॉइस बॉटवर आहे. प्रश्न समजून घेऊन, माहिती शोधून, बोलून उत्तर देणारं यंत्र. बोलतं चांगलं. पण मागच्या सिस्टीमकडून माहिती यायला त्याला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढ्यात लोक फोन ठेवतात. बैठकीत तोडगा आला, तो इतर ठिकाणीही वापरतात: त्या सेकंदांत टायपिंगचा आवाज वाजवा. एक फाईल पाठवली गेली, मला ती तपासायची होती. हेडफोन लावून ऐकली. खटखट, एक छोटी विसावण्याची जागा, पुन्हा खटखट. आवाज इतका हुबेहूब होता की मला ताईचा वळवलेला माईक दिसला. मी ती तीनदा ऐकली आणि मग मंजूर करता येईना.

बैठकीत मला कारण विचारलं, तेव्हा नीट मांडता आलं नव्हतं, म्हणून इथे मांडते. कम्फर्ट नॉइजही कृत्रिमच असतो. पण तो ज्याची खूण म्हणून वाजतो, ते पलीकडे खरोखर असतं: एक उघडी लाईन, एक खोली, गप्प बसून ऐकणारा माणूस. टायपिंगच्या फाईलमागे कुणाचीही बोटं नाहीत. एखादे गृहस्थ ती ऐकून थांबतील, अजिबात न कंटाळता थांबतील, कारण त्यांना वाटेल की कुणीतरी आपलं म्हणणं लिहून घेतंय. त्यांचा धीर आपण खोट्या खुणेवर वापरून घेऊ. "आहात ना?" या प्रश्नाला यंत्राने "मी यंत्र आहे आणि शोधतोय" असं उत्तर दिलं तर ते खरं उत्तर आहे, आणि माझा अनुभव असा आहे की खरं सांगितलं तर माणसं थांबतात.

थोडी चर्चा झाली. फाईल काढली. आता बॉट म्हणतो, "माहिती शोधतोय, पाच सेकंद लागतील," आणि त्यानंतर एक हलका टोन अधूनमधून वाजत राहतो, उत्तर येईपर्यंत. तो टोन निवडायला मी दोन संध्याकाळी घालवल्या. कीबोर्डसारखा वाटता कामा नये आणि एंगेजसारखाही वाटता कामा नये, एवढं ठरलेलं होतं. पहिला फार घंटेसारखा होता, दुसरा ऐकून मला फोन बिघडल्यासारखं वाटलं. तिसरा घेऊन मी पुन्हा जिन्यात जाऊन बसले आणि मोबाईलवरून कॉल लावला.